सस्कॅचेवानमधल्या साठ वस्तीच्या गावात माणूस एकटा पडतो का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या जेमतेम साठ वस्तीच्या गावाजवळ नोकरी मिळतेय, मुलगी चार वर्षांची आहे, तर तिथे माणसांत राहिल्यासारखं वाटेल का. मी लातूर जिल्ह्यातली. नवरा शेतीच्या यंत्रांचा मेकॅनिक. २०१६ पासून आम्ही प्रांताची राजधानी रिजायनाच्या पश्चिमेला अशाच एका गावात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण एवढ्याशा वस्तीत गाव सांगितलं की घरच सांगितल्यासारखं होतं.

पहिला हिवाळा फार वाईट गेला, हे आधीच सांगते. बाहेर उणे ३५, गाडी सकाळी सुरू व्हावी म्हणून रात्रभर ब्लॉक हीटर लावून ठेवायचा, पाचला अंधार. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारीण विरजणाच्या निमित्ताने तरी डोकावते. इथे कुणी आलं नाही. मी वाट बघत बसले आणि ती माणसं आम्हाला त्रास नको म्हणून लांब राहिली, हे मला वर्षभराने कळलं.

साठ या आकड्यावर जाऊ नका. आपल्याकडे पांढरीत घरं आणि काळीत शेत. इथे शेतकरी शेतातच राहतो, शेजारचं घर दोन-तीन किलोमीटरवर. १८७२ च्या कायद्याने १० डॉलर भरून १६० एकर मिळायची, अट एवढीच की तिथे राहून जमीन कसायची. त्या तुकड्याला अजून ‘क्वार्टर’ म्हणतात आणि जमीन एकरात नाही, क्वार्टरमध्ये मोजतात. (ती मोकळी पडलेली नव्हती. आमच्या भागात क्री, सोटो आणि असिनिबॉइन या मूळनिवासी लोकांशी १८७४ मध्ये करार झाला, आणि त्यांना काय मिळालं, काय गेलं हे इथे आल्यावर जरूर समजून घ्या.) म्हणजे गावात माणसं साठ, पण पंधरा-वीस किलोमीटरवरची शेतघरंही ‘आमचं गाव’ म्हणतात ते ह्यालाच.

ही गावं रेल्वेने वसवली. घोडागाडीतून धान्य टाकून त्याच दिवशी घरी परतता यावं म्हणून आठ-दहा मैलांवर एकेक स्टेशन, आणि तिथे लाकडी एलेव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार. १९३० च्या दशकात या एका प्रांतात ते तीन हजारांहून जास्त होते. पुढे रेल्वेचे छोटे फाटे बंद होत गेले, १९९५ मध्ये धान्य वाहतुकीची सवलतही संपली. आमच्याकडचा एलेव्हेटर पाडला, मग दुकान गेलं, शाळा गेली. तुमच्या मुलीला बसने तासभर जावं लागेल आणि डॉक्टर पन्नास किलोमीटरवर असेल, याची तयारी ठेवा.

उरलाय तो हॉल आणि कर्लिंगची, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाची, रिंक. आमच्या गावाला स्वतंत्र नगरपालिका नाही. तीन जणांचं मंडळ आहे, कारभार ग्रामीण म्युनिसिपालिटीकडे. रिंकचा बर्फ कोण जमवणार, हॉलचं छप्पर कोण शाकारणार, हे सगळं पाळीने आणि फुकट. आगीचा बंबही गावातलीच माणसं चालवतात.

आणि एक गोष्ट मी विसरणार नाही. ऐन सुगीत आमच्या शेजाऱ्याला हृदयाचा झटका आला, त्याला सॅस्कटूनला नेलं. सात क्वार्टर गहू उभा. पुढच्या शनिवारी सकाळी दव उठल्यावर नऊ कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, त्याच्या शेतात उतरले. स्वतःचं पीक उभं असताना आलेली माणसं होती ती. धान्याचे ट्रक, ठिणगी पडलीच तर म्हणून कडेला पाण्याची टाकी, आणि पिकअपच्या फळीवर मांडलेलं जेवण. रात्री दहाला शेत मोकळं. मी तिथे उभी राहून आईला फोन केला आणि म्हटलं, आई, इथे इर्जिक आहे. फरक इतकाच की आपल्याकडे ज्याचं शेत तो जेवू घालतो, इथे आलेल्यांनीच जेवणही आणलं होतं.

आमच्याभोवती मसूर खूप पिकतो, भारतातही जातो. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा हॉलमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, तुमच्या लोकांनी असं का केलं? मी सांगितलं, माझ्या वडिलांची तूर त्या वर्षी चार हजारांनी गेली, हमीभाव ५,०५० असताना. तो गप्प झाला. मग विचारलं, वडिलांची जमीन किती? चार एकर म्हटलं. त्याच्याकडे चाळीस क्वार्टर आहेत. तेव्हापासून दर जूनमध्ये तो मला विचारतो, वडिलांकडे पाऊस पडला का?

आमचा एकटेपणा मोडला तो दुसऱ्या वर्षीच्या फाउल सपरला. सुगी संपली की हॉलमध्ये हे जेवण असतं. टर्की, बटाटे, युक्रेनी घरांतून आलेल्या पेरोगी (सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या) आणि कोबीचे रोल, गोड ‘पाय’ची (pie) रांग. दोन-अडीचशे माणसं जेवतात, पैसा हॉलसाठी. मी आदल्या दिवशी चौकशीला गेले, तर कुणी काही न विचारता माझ्या हातात सोलाणं दिलं. चार तास आम्ही सहा बायका गाजरं सोलत होतो, आणि त्या चार तासांत मला सगळ्यांची मुलं, दुखणी, शेतं कळली, त्यांना माझी. त्यानंतर दार वाजायला लागलं.

म्हणून जमलं तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या, जानेवारीत नको. फाउल सपरचं तिकीट काढाच, पण आदल्या दिवशी दुपारी हॉलवर जा. गाजरं सोलायला माणसं दरवर्षी कमीच पडतात.