माझ्या हाताला चवच नाही

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य समोरच्या खुर्चीतून इतक्यांदा येतं की आता ऐकताच मी वहीचं कोरं पान काढते. बोलणारे बदलतात. पहिल्यांदाच वेगळं बिऱ्हाड केलेली मुलगी असते, पत्नीच्या आजारपणात ओट्यापाशी उभे राहिलेले साठीचे गृहस्थ असतात, मुलाचा डबा रोज अर्धा परत आलेला पाहणारी आई असते. तक्रार भाजी-आमटीपासून सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला स्वतःवर येऊन थांबते: "मला काही धड जमतच नाही."

अशांपैकी एकाची ही हकिकत. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. संदीप, वय एकेचाळीस, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता तपासणी विभागात. पत्नीची बदली नागपूरला झालेली, अकरा वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ. सहा महिन्यांपासून दोन्ही वेळचा स्वयंपाक तेच करत होते. मुलगी ताट सरकवून म्हणायची, "बाबा, भूक नाही." आणि मग बिस्किटं खायची.

"काय बिघडतं?" मी विचारलं.

"सगळंच."

"परवा काय केलं होतं?"

"पोहे."

"पोह्यांचं काय झालं?"

"मॅडम, सांगितलं ना. हाताला चवच नाही माझ्या. आईच्या हाताला होती."

अशा वेळी थेट आईकडे, बालपणाकडे वळायचा मोह होतो. मी शक्यतो वळत नाही. माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीची आहे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली. पोह्यांवरून पोहे करणाऱ्याची किंमत ठरवू नये, एवढं त्यातलं एक सूत्र इथे पुरेसं आहे. पोह्यांचा प्रश्न आधी पोह्यांतच शोधावा, हे मात्र माझं स्वतःचं मत. काही सहकाऱ्यांना ते उथळ वाटतं. वाटू दे.

मी विचारलं, "कंपनीत एखादा तयार भाग नापास झाला तर काय करता?"

"रिजेक्शन स्लिप. दोष काय, कारण काय."

"कारणाच्या रकान्यात 'कारागिराच्या हाताला गुण नाही' असं कधी लिहिलंय?"

ते हसले. "असं लिहिलं तर साहेब मलाच रिजेक्ट करतील."

दोन आठवडे त्यांनी घरच्या पदार्थांच्या स्लिपा भरल्या. आठ आल्या. कंपनीच्याच शिस्तीत, सुवाच्य अक्षरात. पोहे: गिचका झाला. कारण: कोरडे राहू नयेत म्हणून भांड्यात पाणी घालून ठेवले. भात: चिकट. कारण: कच्चा राहू नये म्हणून पाणी जास्त. आमटी: डाळ मऊ शिजली नाही. कारण: नंतर विसरू नये म्हणून आमसूल आणि टोमॅटो डाळीबरोबरच कुकरला लावले. फोडणी: मोहरी कच्ची. कारण: जळू नये म्हणून तेल तापायच्या आत घातली.

मी पेन्सिलीने 'नये म्हणून' या दोन शब्दांखाली रेघा मारत गेले. आठांपैकी सहा स्लिपांवर रेघ आली. कागद त्यांच्याकडे वळवला आणि गप्प बसले.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे मी स्वयंपाक करतच नाहीये. मी फक्त बिघाड टाळतोय."

यात मी भर घालण्यासारखं काही नव्हतं. तंत्राचं मात्र होतं, आणि ते इथे सविस्तर लिहिते, कारण ही चार दुखणी घरोघरची आहेत.

पोहे भिजवायचे नसतात, धुवायचे असतात. दोघांना दोन वाट्या जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली अर्धा मिनिट हलक्या हाताने फिरवावेत आणि चाळणीतच दहा मिनिटं निथळत ठेवावेत. दाणा चिमटीत दाबला की मोडावा, पण पीठ होऊ नये. चिवड्याचे पातळ पोहे या कामाचे नाहीत, ते पाण्याखाली धरताक्षणी लगदा होतात. मीठ-साखर निथळलेल्या पोह्यांनाच लावावी म्हणजे सगळीकडे सारखी लागते. फोडणीत घातल्यावर मंद आचेवर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं दणकून वाफ. ती चुकवली की पोहे वातड होतात.

भाताचं पाणी तांदळाच्या वयावर ठरतं. कुकरमध्ये जुन्या कोलमला वाटीला दोन ते सव्वादोन वाट्या चालतं, त्याच मापात नवा तांदूळ चिकटतो. पोतं बदललं की पहिल्या दिवशी पाव वाटी पाणी कमी घालून बघावं. डाळीच्या बाबतीत आंबट आणि शिजणं यांचं वैर आहे: आंबटाने डाळीच्या पेशींच्या भिंती घट्ट राहतात, म्हणून आमसूल, चिंच, टोमॅटो डाळ मऊ शिजून घोटल्यावरच. आणि फोडणीत मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तडतडला तर बाकीची मोहरी, मग जिरं, हिंग, सर्वांत शेवटी हळद, आणि लगेच ओला जिन्नस. हळद काळी पडली तर ते तेल ओतून द्यावं. दोन चमचे तेल जातं, आमटी वाचते.

पुढच्या भेटीला पोहे सुधारले होते, भात सुधारला होता. तरी मुलगी ताट सरकवतच होती. इथे आम्ही दोघंही थोडे खट्टू झालो, हे कबूल करते.

"आमटीत मीठ किती घालता?"

"अर्धा चमचा."

"आमटी किती?"

"पाऊण वाटी डाळ. सगळी मिळून लिटरभर."

चहाचा सपाट चमचाभर मीठ साधारण सहा ग्रॅम भरतं. लिटरभर आमटीला आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड चमचा लागतो. संदीप त्याच्या एक तृतीयांशावर थांबत होते. चव येत नाही म्हणून गोडा मसाला वाढवत होते, मसाल्याचा कडवटपणा आला की गूळ. मीठ चव तर आणतंच, शिवाय कडूपणा दाबतं. ते नसलं तर मसाला जितका घालाल तितकी आमटी औषधासारखी लागते.

"एवढं कमी का?"

"जास्त झालं तर काढता येत नाही, मॅडम. कमी असेल तर ताटात मीठ वाढलेलं असतंच."

"मुलगी घेते वरून?"

थांबले. "नाही. ती काही बोलतच नाही."

खारट आमटीला माणसं बोलतात, अळणीला गप्प बसतात. बोलणं टाळायला त्यांनी सहा महिने ते गप्प बसणं पत्करलं होतं. हे माझ्या लक्षात आलं त्या क्षणी पुढचा गृहपाठही सुचला, आणि या कामात असं सुचतं तेव्हा बरं वाटतं. मी म्हटलं, "येत्या रविवारी आमटी खारट करा. मुद्दाम. मुलीला सांगून."

पद्धत अशी ठरली: बिनमिठाची लिटरभर आमटी, अर्धा-अर्धा चमचा मीठ, दर वेळी दोन मिनिटं उकळी, मग चमच्यातली आमटी फुंकर मारून निववून दोघांनी चाखायची. कढत असताना जिभेला मीठ नीट कळत नाही. मुलीने गुण द्यायचे.

सोमवारीच त्यांचा फोन आला, वेळ ठरलेली नसताना. एक चमच्याला मुलीने 'आजारी माणसाची आमटी' म्हटलं. दीडला 'ही मस्त'. दोनला 'जरा जास्त, पण भाताबरोबर चालेल'. अडीचला तोंड वाकडं केलं.

"मॅडम, टॉलरन्स केवढा आहे हो! मी समजत होतो शून्य आहे."

टॉलरन्स म्हणजे कारखान्यात मापातला चालणारा फरक. इथे मस्त आणि वाईट यांच्यामध्ये अख्खा चमचा होता. हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगू शकले असते. त्यांनी मान डोलावली असती आणि अर्धाच चमचा घातला असता.

ती अडीच चमच्यांची आमटी दुरुस्त करणंही गृहपाठातच होतं. बटाटा टाकला की तो मीठ 'ओढून' घेतो, हा समज खोटा आहे. बटाटा खारट पाणी शोषतो, उरलेली आमटी तेवढीच खारट राहते. उपाय एकच, पातळ करणं: बिनमिठाची शिजलेली डाळ आणि गरम पाणी. दीड लिटरच्या वर आमटी झाली आणि दोन दिवस पुरली. कोरड्या भाजीत ओलं खोबरं, दाण्याचा कूट किंवा भाजलेलं बेसन हेच काम करतं.

तुमचीही तक्रार हीच असेल तर पंधरा दिवस एकच करा. 'बिघडलं' हा शब्द वापरायचा नाही. चिकट, वातड, कच्चट, करपट, अळणी, यांतला नेमका शब्द शोधायचा. अळणीवर इलाज असतो, 'बिघडलं'वर नसतो. आणि घरच्यांना "कसं झालंय?" असं विचारू नका, त्याला "छान" याशिवाय उत्तर येत नाही. "मीठ हवंय का अजून?" विचारा.

एक सावधगिरीची सूचनाही. मापाचं औषध जास्त झालं की तेही बाधतं. सहाव्या भेटीपर्यंत संदीपनी वजनकाटा घेतला होता, आणि कोथिंबीर संपली म्हणून एका रात्री कांदेपोहे रद्द करून बाहेरून जेवण मागवलं होतं. मग मी स्लिपा बंद करायला लावल्या. आठवड्यातून एकदा फ्रिजमध्ये असेल त्याचंच काहीतरी करायचं, मोजमाप नाही. सकाळच्या पोळ्यांचा कुस्करा, उरलेल्या वरणात भिजवलेली थालीपिठाची भाजणी, शिळ्या भाताला लसणाची फोडणी. या पदार्थांना चुकायला जागाच नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. स्लिपा थांबवल्यानंतरची होती. त्या रात्री मुगाच्या डाळीची खिचडी पातेल्यात टाकून ते फोनवर बोलत राहिले आणि ती खाली लागली. काळी नाही, बदामी. मुलीने उलथन्याने ती खरवड काढून तुपाबरोबर खाल्ली आणि विचारलं, "बाबा, उद्या पण अशीच लावशील का?"

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'खिचडी. दोष: खाली लागली. कारण: फोन. निर्णय: डेव्हिएशनसह स्वीकृत.' खाली सहीच्या जागी मुलीचं नाव होतं.