सोलरच्या फ्रेमवर पांढरी पूड

प्रश्न : आमचं घर देवगडला, समुद्र हाकेच्या अंतरावर. गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर आहे. पॅनलच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला अर्थिंगची उघडी तांब्याची तार बोल्टने थेट आवळली आहे. पावसाळा सरल्यावर तिथे पांढरी पूड दिसू लागली. बसवणारा म्हणतो, ॲल्युमिनियम गंजत नाही. जावई म्हणतात, रंग मारून टाका. काय करावं?

उत्तर : बसवणाऱ्याचं अर्धंच खरं. एकटं ॲल्युमिनियम उघड्यावर टिकतं. त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपसूक धरतो. पण त्याला तांबं खेटलं आणि मध्ये खारा ओलावा शिरला की त्या जोडाचा बॅटरीसारखा सेल होतो, आणि त्यात झिजतं ॲल्युमिनियम. ती पूड म्हणजे तुमची फ्रेमच. रंगाचं राहू द्या. वरून छान दिसेल, आत खाणं चालूच राहील. एखाद्या पॅनलची वीज फ्रेममध्ये उतरली तर ती याच जोडातून जमिनीत जायची आहे.

तारेला टिनचा मुलामा दिलेला तांब्याचा लग, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेलं टोक, दाबून घ्या. लग आणि फ्रेमच्या मध्ये स्टेनलेसचा स्टार वॉशर हवाच. फ्रेमवरच्या ॲनोडाइझिंगमधून, म्हणजे कारखान्यात चढवलेल्या ऑक्साइडच्या जाड थरातून, वीज जात नाही. वॉशरचे दात ते खरवडून आत रुततात. नट-बोल्टही स्टेनलेसचेच, आणि तुमच्याकडे ३१६ ग्रेडचे. दुकानदार ३०४ पुढे करेल, खाऱ्या वाऱ्यात त्यावर डाग धरतात. स्टेनलेसही वेगळाच धातू ना, असं विचाराल. खरंय, पण इवलासा बोल्ट आणि एवढी मोठी फ्रेम, त्यामुळे झीज पसरते आणि जाणवत नाही.

अर्थिंगची खूण असलेलं भोक फ्रेमला असतंच. पूड धरलेलं खड्डे पडून खराब झालं असेल तर खुणेचं दुसरं शोधा. नवं पाडलंत तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल.

आणखी एक, जे बहुतेक वायरमन बघतच नाहीत. उघडी तार फ्रेमच्या वरून नेऊ नका. तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियमवर ठिबकलं तरी खड्डे पडतात, दोन्ही एकमेकांना शिवले नाहीत तरी. पॅनलखालच्या गॅल्व्हनाइझच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) स्ट्रक्चरवरचं जस्तही असंच जातं. तार खालून न्या, किंवा इन्सुलेशनवाली हिरवी घ्या.

इन्व्हर्टर बंद केला तरी उन्हात पॅनल चालूच असतं, म्हणून हे काम जाणत्या वायरमनकडूनच. झाल्यावर जोडातून वीज नीट जाते का, ते तुमच्यासमोर मीटर लावून बघायला सांगा. मीटरचं टोक फ्रेमला नुसतं टेकवलं तर ॲनोडाइझिंगमुळे रीडिंग चुकेल. आतल्या कडेला किंचित खरवडून टेकवायचं.