कथा आधी की रेझिन?

गेन्शिन इम्पॅक्ट हा गेम नव्याने सुरू केलायस ना? मग हे लक्षात ठेव: आर्कॉन क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथा, कायम राहतात, मर्यादित काळाचे इव्हेंट बहुतेक परत येत नाहीत. नोव्हेंबर 2020 मधला 'अनरिकन्साइल्ड स्टार्स' गेला तो गेलाच. 'क्विक स्टार्ट' दाबून आधीची कथा न संपवताही इव्हेंट उघडता येतो, पण मग पुढच्या प्रकरणांतली पात्रं आधीच भेटतात आणि कथेतली मजा जाते. इव्हेंटच्या आधीचं एखादंच प्रकरण बाकी असेल तर ते आधी संपव.

रेझिन, म्हणजे बक्षिसं घ्यायला खर्च होणारी ऊर्जा, दर 8 मिनिटांनी 1 भरतं आणि 200 ला थांबतं, म्हणजे रिकामं असेल तर 26 तास 40 मिनिटं. दिवसातून एकदा खर्च केलं तरी पुरतं. दर दोन तासांनी गेम उघडायची सवय लागली की संवाद भराभर टॅप होतात, आणि पुढे समोरचा माणूस कोण हेच कळत नाही.

लोकलमध्ये रोजची चार कमिशन्स (छोटी कामं) कर, कथा नको. वाटेत नेटवर्क गेलं की संवाद अर्ध्यात तुटतो. कथा घरी वायफायवर, हेडफोन लावून. संवाद आपोआप पुढे नेणारं ऑटो बंद ठेव.