आज्जीचा हात मोडला त्या उन्हाळ्यात शिकलेली घरकामं

प्रश्न असा आहे की घरातल्या मोठ्या माणसांकडून शिकलेली कोणती साधी घरकामं आज एकटं राहताना खरंच कामाला येतात आणि ती तुम्ही शिकलात कशी. विचारणाऱ्या ताईंनी खाली असंही लिहिलंय की आजीला फोन केला की ती प्रत्येक गोष्टीला "अंदाजानं घाल" एवढंच म्हणते. ते वाचून हसू आलं, कारण माझं अख्खं शिक्षण त्या एका शब्दाभोवती झालंय.

मी मुलगा, गाव कराडजवळचं. मुलग्याला आमच्याकडे कोण तूप कढवायला शिकवतंय, मीही शिकलो नसतो. पण 2009 च्या मार्चमध्ये आज्जी मोरीत घसरली, उजवा हात मनगटाच्या वर मोडला आणि सहा आठवडे प्लॅस्टर. आई अंगणवाडीत, वडिलांची ड्युटी कारखान्यावर, बहिणीचं लग्न झालेलं, आणि मी बारावीची परीक्षा देऊन सीईटीचं पुस्तक छातीवर ठेवून झोपा काढत पडलेला. नेमके दिवस कुठले तर नवा गहू घरात आलेला, वाळवणं तोंडावर, म्हैस दूध देतेय. आज्जी आतल्या खोलीत बाजेवर आणि मी स्वैपाकघरात, तिचा हात म्हणून. तिला हातानं करता येत होतं तोवर तोंडानं सांगायची वेळच कधी आली नव्हती, त्यामुळे पहिले चार दिवस नुसती भांडणं झाली. मी विचारायचो "किती?" आणि ती म्हणायची "आरं किती म्हंजी? लागंल तेवढं!" फारच डोकं खाल्लं की म्हणायची एक मापटं घे. आता मापटं म्हणजे काय तर दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची पायली. देशात किलो-लिटरचा कायदा 1956 लाच झाला पण आमच्या आज्जीपर्यंत तो काय पोचला नव्हता, आणि घरातलं मापटं तर कधीच मोडीत गेलेलं.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी प्रश्नच चुकीचा विचारतोय. किती विचारलं की तिच्याकडं उत्तर नसायचं, पण "झालंय हे कशावरनं ओळखायचं?" असं विचारलं की ती धडाधड बोलायची. दिसतं कसं, वास कसला येतो, आवाज कसा होतो, हाताला कसं लागतं, सगळं. ताई, तुम्हीपण आजीला फोनवर हेच विचारून बघा.

तुपाचं सांगतो, कारण ते मी आजही पुण्यात फ्लॅटवर महिन्यातनं दोनदा करतो. रोज दूध तापवून गार झालं की वरची साय एका भांड्यात काढायची, पहिल्या दिवशीच त्यात चमचाभर दही घालायचं आणि रोजची साय त्यातच टाकत जायची. आणि नुसतं दही लावायचं असेल तर दूध किती गरम पाहिजे? करंगळी बुडवून सावकाश दहा म्हणता आलं पाहिजे, चटका बसून बोट मागं आलं तर अजून थांब, आणि काहीच लागलं नाही तर परत तापव, हे तिचं थर्मामीटर. (नंतर कधीतरी वाचलं की दह्याच्या जिवाणूंना चाळीस-पंचेचाळीस डिग्री मानवतं, करंगळीला साधारण तेच लागतं.) चार-पाच दिवसांनी भांडं भरलं की घुसळायचं. उन्हाळ्यात लोणी पटकन येत नाही, नुसतं चिकट सारवण होतं, तेव्हा माठाचं गार पाणी घालायचं, आता मी बर्फाचे दोन खडे टाकतो. थंडीत उलटं, कोमट पाणी. आधी रवी जड होत जाते, हात भरून येतो, आणि मग अचानक हलकी होते आणि खळखळ आवाज यायला लागतो, म्हणजे लोणी वर आलं आणि खाली ताक सुटलं. मिक्सरमध्येसुद्धा हा आवाज बदललेला कळतो, फक्त तिथं दहा सेकंदात सगळं होतं त्यामुळं कान द्यावा लागतो. लोणी दोन-तीन पाण्यानं धुवायचं, पाणी नितळ दिसेपर्यंत. मी एकदा आळस केला तर ताक आत राहिलं आणि तुपाला आंबूस वास, शिवाय बेरीच बेरी.

कढवण्याचा किस्सा मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिल्यांदा लोणी पातेल्यात घालून मी मंद गॅसवर ठेवलं आणि शेजारी स्टुलावर बसलो. आधी विरघळलं, पांढरा फेस आला, मग तडतड तडतड सुरू. मी पुस्तक वाचतोय. आतनं आवाज आला "बंद कर आता." मी डोकावून बघितलं तर मला ते पिवळंच दिसत होतं, वर बारीक फेसपण होता, म्हटलं हिला बाजेवरनं काय दिसतंय, आणि दोन मिनटं तसंच ठेवलं. तेवढ्यात खालची बेरी काळी, तुपाला जळका वास आणि रंग चहासारखा. आज्जी आतनं म्हणाली, "लेका, मी डोळ्यानं बघत न्हवते, कानानं ऐकत होते. तडतड थांबली का गॅस बंद. त्यात इचारायचं काय?"

कारण साधं आहे, बारावी सायन्सला शिकून मला कळायला पाहिजे होतं. ती तडतड म्हणजे लोण्यातलं पाणी उकळून जातंय. पाणी आहे तोवर पातेलं शंभर डिग्रीच्या फार वर जात नाही, पाणी संपलं की आवाज बंद, आणि मग तापमान भराभर चढतं आणि तळाशी बसलेला दुधाचा अंश करपतो. आवाज थांबल्यावर जो दुसरा बारीक फेस येतो तो बघून लोक म्हणतात अजून व्हायचंय, तिथंच घोटाळा होतो. बेरी बदामी दिसायला लागली, छान वास सुटला की उतरवायचं, कारण पातेलं गरम असतं, पुढचं ते आपोआप करतं. मग न हलवता ओट्यावरच सावकाश निवू द्यायचं, लगेच फ्रीजमध्ये ढकलायचं नाही, तर तूप रवाळ होतं. शेवटी विड्याचं पान टाकायची ती, वासासाठी, मी टाकतो कधी मिळालं तर. बेरीत गूळ घालून खायचा हे काय मी वेगळं सांगायला नको.

पुण्या-मुंबईत साय येत नाही अशी तक्रार असते तर पिशवीवर वाचा. टोन्ड दुधात फॅट 3 टक्के असतं, फुल क्रीममध्ये 6. टोन्ड आणून साय जमवत बसलात तर दिवाळीला तूप होईल.

दुसरं काम धान्य भरायचं. एकट्या माणसाला कशाला लागतंय म्हणाल, पण गावाकडनं दहा किलो गहू, पाच किलो डाळ येतेच की, आणि पावसाळ्यात डबा उघडला की पोरकिडे चालायला लागतात. गहू दोन-तीन दिवस गच्चीवर कडक उन्हात पसरायचा. वाळला कधी म्हणायचा? एक दाणा दाढेखाली धरायचा, कडकन वाजून फुटला तर वाळला, दबला किंवा चिकटला तर अजून एक ऊन. इथंपण कानच! आणि वाळला की लगेच भरायचा नाही, रात्रभर सावलीत गार होऊ द्यायचा. मी पहिल्या दिवशी घाई करून गरम गरमच कणगीत ओतायला निघालो होतो, आज्जीनं बाजेवरनंच काठी आपटली. गरम धान्य बंद डब्यात भरलं की आत घाम धरतो आणि बुरशी येते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून मधनंमधनं घालायचा, ओला घातलात तर उलटा ओलावा वाढतो. तूरडाळीला एरंडेल तेल चोळायचं, तेही तळहात नुसता तुकतुकीत होईल इतपत, डाळ पेंडीसारखी चिकटायला लागली तर जास्त झालं.

इथं एक गोष्ट मी आज्जीची ऐकत नाही. तांदळाला ती बोरिक पावडर लावायची, खूप घरात लावतात, पण मी लावत नाही, कितीही धुतलं तरी पोटात जायला नको वाटतं, थोडाच तांदूळ आणतो. आणि दुकानात धान्यात ठेवायच्या ज्या कीडनाशक गोळ्या मिळतात, ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या, त्या राहत्या घरात अजिबात आणू नका. त्यातनं विषारी वायू निघतो, बंद खोलीत माणसं गेलीत त्यानं. ह्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

कुरडया. हे एकट्यानं करायचं काम नाही पण शिकलो म्हणून सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचा, पाणी रोज बदलायचं, घरभर आंबूस वास सुटतो, शेजारी नाक मुरडतात. भिजला की नाही बघायला दाणा दोन नखांत दाबायचा, दुधासारखं पांढरं टचकन बाहेर आलं की झालं. मग वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरची निवळ ओतून टाकायची. जेवढा चीक तेवढं पाणी, हे एवढं एकच प्रमाण तिच्या तोंडून मी ऐकलं, त्यात मीठ-हिंग घालून पाणी उकळलं की एका हातानं चीक ओतायचा आणि दुसऱ्या हातानं घोटायचा, थांबलात की गुठळी. खरी अडचण शिजलाय कधी ते ओळखण्यात. पांढराफेक चीक हळूहळू काचेसारखा, चकचकीत दिसायला लागतो, आणि पाण्यात बुडवलेलं बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. कच्चा राहिला तर कुरडई वाळल्यावर तुटते आणि तळल्यावर फुलत नाही. गरम असतानाच सोऱ्यानं घालायच्या, त्यासाठी पहाटे चारला उठायचं, म्हणजे दिवसभराचं ऊन मिळतं. मी पहिल्या खेपेला घातलेल्या कुरडया बघून आई म्हणाली ह्या कुरडया आहेत का चिमणीची घरटी. पण तळल्यावर फुलल्या. निम्मा चीक मात्र साखर-दूध घालून मीच खाल्ला असेल.

आता एक राहून गेलेलं. मे महिन्याच्या मध्यात प्लॅस्टर काढलं, सीईटी झाली, आणि माझं शिक्षण तिथंच संपलं कारण हात बरा झाल्यावर आज्जी परत बोलायची बंद झाली. "तू सर, तुला न्हाई जमायचं" म्हणून सगळं स्वतःच करायला लागली. त्या जूनमध्ये तिनं माझ्यासाठी वाकळ शिवली, होस्टेलला न्यायला, तिची दोन जुनी लुगडी वर-खाली आणि मध्ये वडिलांची धोतरं. मी समोरच बसून होतो, गप्पा मारत होतो, सुईत दोरा ओवून देत होतो कारण तिला दिसायचं नाही, पण ती कडेनं आत आत टाके घालत कोपऱ्याला आली की दोरा कसा वळवायची ते काही मी बघितलं नाही, विचारलंपण नाही. आज्जी 2016 ला गेली. वाकळ अजून वापरात आहे, धुवून धुवून मऊ झालीय, आणि गेल्या वर्षी तिचा एक कोपरा उसवला. मी दोनदा शिवून बघितला, दोन्ही वेळा तिथं चुणी पडून गोळा झाला आणि परत उसवला. तीन-चार थर एका वेळी सुईत घेतले की खालचा थर सरकतो, एवढं कळलंय, पण ती खालचा हात कसा धरायची ते आठवत नाही.

इथं वाकळ किंवा गोधडी हातानं शिवणारं कुणी असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, कोपऱ्याला खालचा थर सरकू नये म्हणून तुम्ही काय करता. टाका किती लांबीचा वगैरे नको, हाताला कसं लागतं ते सांगा.