व्हिएतनाममधील दा नांग शहराहून एकाच दिवसात ‘मी सन’ या ठिकाणची प्राचीन मंदिरे आणि संगमरवरी डोंगरांतील गुहा वाटाड्यासह नीट पाहून होतील का?

होतील, मात्र सकाळ मी सनसाठीच राखून ठेवावी, कारण डोंगरांनी वेढलेल्या त्या खोऱ्यात दुपारी उकाडा फार वाढतो. चंपा या प्राचीन राज्याच्या राजांनी साधारण चौथ्या ते तेराव्या शतकांदरम्यान येथे मंदिरे बांधली. त्यांतील बरीचशी शिवाची असून, भद्रवर्मन राजाने स्थापलेल्या देवाचे भद्रेश्वर हे नाव आपल्याला लगेच ओळखीचे वाटते. विटांमधले सांधे इतके बारीक आहेत की जोडणीचा थर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, आणि नक्षी भिंत उभी राहिल्यावर थेट विटांवर कोरलेली आहे. वाटाड्या घ्यावा तो अशा तपशिलांसाठी. १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात येथील सर्वांत भव्य मंदिर कोसळले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काही समूहांचे जतन केले आणि त्या कामात २०२० मध्ये वालुकाश्माचे अखंड शिवलिंग मिळाले. ते आवर्जून पाहावे.

परतताना पाच संगमरवरी डोंगरांपैकी फक्त थुई सन चढावा. तेथील हुएन खोंग गुहेच्या छतातील भोकांतून प्रकाश खाली उतरतो. पायऱ्या गुळगुळीत असल्याने घट्ट पकडीची पादत्राणे घालावीत.