बोगदे मोजणारा मुलगा आणि हेडफोनवाली ताई

*सुट्ट्या आणि सणांच्या आधी प्रवासाची पत्रं वाढतात. या वेळी चार निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'भूगोलवाल्या बाई' म्हणून दरवर्षीची सहल माझ्याच गळ्यात पडायची, त्यामुळे चाळीस पोरं आणि एक लाल एसटी हा माझा प्रवासाचा हिशोब आहे.*

पत्र पहिलं

*गणपतीला कुडाळला जातोय. दिवसाची गाडी मिळाली आहे. मुलगा सात वर्षांचा, मुलगी चौदाची, सोबत सासूबाई. मागच्या वर्षी मुलाने वीर स्टेशन येईपर्यंत 'कधी येणार, कधी येणार' करून डोकं उठवलं. शेवटी मोबाईल दिला, तर चिपळूणला बॅटरी संपली आणि त्याने डबा डोक्यावर घेतला. मुलगी कानात हेडफोन घालून खिडकीकडे तोंड करून बसली, आजीशी एक शब्द नाही. सासूबाई म्हणतात, 'आमच्या वेळी पोरं अशी नव्हती.' या वर्षी काय करू? — एक आई, डोंबिवली*

आधी सासूबाईंचं. त्यांच्या वेळी पोरं अशी नव्हती, कारण त्यांच्या वेळी ही गाडीच नव्हती. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ला. तोवर गावाला जायचं म्हणजे रात्रभराची एसटी. पोरं एक तर झोपलेली असायची, नाही तर ओकत असायची. 'कधी येणार' विचारायला शुद्धीवर कोण होतं? पण हे त्यांना सांगू नका. त्याऐवजी गाडीत बसल्यावर त्या एसटीची गोष्ट त्यांनाच सांगायला लावा. वय जास्त असेल तर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोटसुद्धा आठवत असेल. ट्रंक, गोधडी आणि फिरकीचा तांब्या घेऊन निघालेली आजी नातवाला डोळ्यांसमोर आणता आली, की त्याचा एक तास तरी निभतो.

आता तिकीट. मुलाचं अर्धं काढलंय का? २०१६पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात स्वतःची जागा मिळत नाही. जागा हवी तर पूर्ण भाडं. काढलं असेल अर्धं तर या वर्षी चालवून घ्या, पण पुढच्या वेळी हे पैसे वाचवू नका. दिवसभर आईच्या मांडीवर अर्धवट टेकलेलं सात वर्षांचं पोर कुठल्याही खेळाने रमत नाही. ते कंटाळलेलं नसतं, अवघडलेलं असतं.

मुलाला काम द्या. करमणूक म्हणत नाही मी, काम म्हणते. सहलीत माझा अनुभव असा की सर्वांत वांड पोराच्या हातात हजेरीची वही दिली की ते पोर सुधारायचं नाही, पण गुंतायचं. तुमच्याकडे बोगदे आहेत. सगळ्या मार्गावर नव्वदच्या वर, त्यातले बरेच कुडाळपर्यंतच लागतात. एक छोटी वही, दोरीने बांधलेली पेन्सिल (बांधलेलीच, नाही तर रोह्याच्या आत ती सीटखाली जाते) आणि वर मथळा: बोगदा रजिस्टर. पनवेल सुटल्यावर प्रत्येकाने अंदाज लिहायचा, कुडाळपर्यंत किती होतील. आजीनेसुद्धा. मग प्रत्येक अंधाराला एक उभी रेघ, पाचवी आडवी. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, त्याला परतीच्या प्रवासात खिडकी. हे बक्षीस फुकट आहे आणि त्यासाठी पोरं जीव टाकतात.

रत्नागिरीच्या अलीकडे, उक्षी सुटलं की करबुड्याचा बोगदा येतो. साडेसहा किलोमीटर. इथे मुलीला नुसतं म्हणायचं, 'स्टॉपवॉच लाव गं जरा.' आत शिरताना सुरू, उजेड दिसला की बंद. मग साडेसहाला ३६००ने गुणायचं आणि आलेल्या सेकंदांनी भागायचं, की ताशी वेग. चारशे सेकंद लागले तर साधारण ५८. पावसाळ्यात गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, वेळापत्रकच निराळं असतं, त्यामुळे गणपतीत हा आकडा मे महिन्यापेक्षा कमी येऊ शकतो. तो का कमी आला याचं उत्तर मुलगी भावाला देईल. आईला दिलं नाही तरी भावाला देईल, मोठेपणा मिळतो.

बोगदा संपल्यावर भोके, मग रत्नागिरी, आणि रत्नागिरीच्या पुढे पानवल नदीवरचा पूल. उंची ६४ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. गाडी पुलावर असते जेमतेम अर्धा-एक मिनिट, आणि त्याच वेळी कुणीतरी हमखास डबा उघडून 'चटणी कुठाय' विचारत असतं. तेव्हा रत्नागिरीला जेवणं उरकून घ्या.

खाऊ घड्याळावर देऊ नका, नद्यांवर द्या. कुंडलिका ओलांडली की लाडू, सावित्रीला चकली, वाशिष्ठीला केळं. पावसात तिन्ही दुथडी भरलेल्या असतात, चुकायच्या नाहीत. मुलगा 'भूक लागली' म्हणायचं सोडून 'नदी कधी' विचारायला लागतो. प्रश्न तेवढाच राहिला म्हणाल, पण निदान तो बाहेर बघून विचारतो.

क्रॉसिंगला गाडी थांबली की पोरांचा धीर सुटतो. बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे ही थांबणी चुकत नाहीत. समोरून काय येणार यावर पैज लावा: एक्सप्रेस, मालगाडी की 'ट्रकवाली'? कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक चक्क रेल्वेच्या वॅगनवर चढवून नेतात, १९९९पासून. चालक आपापल्या केबिनमध्ये पाय वर घेऊन बसलेले असतात. माझ्या भाच्याने एकदा हात केला, तर एकाने ट्रकचा हॉर्न वाजवला. आज तो भाचा तिशीचा आहे आणि ही गोष्ट अजून सांगतो.

आता मुलगी. तिला सोडून द्या.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, हात पोळून सांगते. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असताना मामा काहीतरी विचारत होते आणि याच्या कानात वॉकमन. पनवेललाच मी तो काढून पर्समध्ये टाकला. पोरगा वरच्या बर्थवर चढला आणि भिंतीकडे तोंड करून पडला, ते कणकवलीला खाली उतरला. मी खाली धुमसत बसले. एवढी भूगोलाची बाई, पण पानवलचा पूल गेला कधी तेसुद्धा कळलं नाही. दोघांचाही हुकला.

त्यामुळे हेडफोन असू द्या. फक्त आदल्या रात्री घरच्या वायफायवर गाणी उतरवून घ्यायला सांगा, कारण चिपळूणच्या अलीकडे-पलीकडे डोंगरात रेंज जाते आणि मग ती चिडचिड तुमच्या वाट्याला येते. पॉवर बँक तिच्या नावावर करा. तिची म्हणजे तिचीच, भावाला द्यायची की नाही ते ती ठरवेल. नकाशाही आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसताना गाडी कुठे आहे ते दिसतं (बोगद्यात तो ठिपका गोठतो, याची मुलाला भारी मजा वाटते). पुढचं स्टेशन कुठलं हे सांगायचं काम तिचं. पण 'भावाला सांभाळ' हे वाक्य दिवसभरात एकदाही तोंडातून काढू नका.

आणि पत्त्यांचा कॅट न्या. तिला बोलावू मात्र नका. तुम्ही, सासूबाई आणि मुलगा, तिघांनी गुलामचोर सुरू करा. तुमच्या सासूबाई लबाडी करतात की नाही मला माहीत नाही. माझी आई करायची, पदराखाली पत्ता दडवायची, आणि नातवंडं गाडीभर ओरडायची. बदाम सात लावलंत आणि आजीने मुद्दाम सत्ती अडवून धरली, की एका कानातला हेडफोन आपोआप निघतो. नाहीच निघाला तर नाही. कुडाळला गावच्या घरी तिच्या वयाची चुलत भावंडं असतील, तिथे ती बोलेलच.

पत्र दुसरं

*मे महिन्यात पुण्याहून आमच्या गाडीने कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असं मालवणला जाणार आहोत. मुलगा दहा वर्षांचा. त्याला गाडी लागते. गप्प राहावा म्हणून टॅब देतो, पण घाटात हमखास उलटी होते. — एक बाबा, पुणे*

गाडी लागते ती टॅबमुळेही, हे आधी मान्य करा. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, आणि डोळ्यांसमोरचा पडदा सांगतो की सगळं स्थिर आहे. या भांडणात पोट ढवळतं. म्हणून घाटात पडदा नको, पुस्तक नको, मान खाली नको. मागच्या सीटवर मधे बसवा, पट्टा लावून, म्हणजे समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. वळण आधी डोळ्यांना दिसलं की त्रास कमी होतो. काच थोडी खाली ठेवा आणि गाडीतलं ते गुलाबाच्या वासाचं अत्तर काढून फेका. निम्म्या पोरांना गाडी लागत नाही, ते अत्तर लागतं.

कोल्हापूर वाटेत आहे म्हणून मिसळ खायचा मोह होईल. तुम्ही खा, त्याला इडली द्या. अगदी रिकामं पोटही नको. आवळासुपारी, लिंबाची फोड जवळ असू द्या. उलटीवरची गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघण्याआधी. आंबोलीच्या पहिल्या वळणावर दिलेली गोळी पोटात टिकतच नाही. आणि दोन पिशव्या, एक ओला नॅपकिन, एक जादा शर्ट हे डिकीत नको, हाताशी हवं. एका सहलीत मी ही पिशवी एसटीच्या टपावर बांधलेल्या सामानात ठेवली होती. पुढचं लिहीत नाही.

घाट सोडून उरलेल्या रस्त्याला नंबरप्लेटा आहेत की! एमएच १२ म्हणजे तुम्ही, १४ पिंपरी-चिंचवड. खंबाटकी उतरलात की ११ साताऱ्याच्या वाढतात, कराडला ५०, मधे सांगलीच्या १०, मग ०९ कोल्हापूर. निपाणीला तर राज्यच बदलतं, केए सुरू होतात. आजऱ्याकडे वळलात की पुन्हा ०९, आणि आंबोली उतरल्यावर ०७ सिंधुदुर्ग, अधूनमधून जीए. मुलाने प्रत्येक क्रमांकाची पहिली गाडी कुठे दिसली ते गाव लिहायचं. याला मान वर लागते, हा फायदा. सोबत मैलाचे दगडही दाखवा: डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. कुठे रंग बदलला ते आधी ओरडेल त्याला एक गुण. दहा वर्षांचा मुलगा यात बापाला हरवतो, कारण बापाला गाडी चालवायची असते. चालवायचीच. तुम्ही गुण मोजत बसू नका.

पत्र तिसरं

*नातू चार वर्षांचा. विमान उतरताना कान धरून किंचाळतो, सगळे वळून बघतात. — एक आजी, नागपूर*

उतरायला लागल्यावर त्याला झोपू देऊ नका. जमिनीला टेकायच्या बऱ्याच आधी विमान खाली यायला लागतं, तेव्हापासून पाण्याचे घोट घोट द्या किंवा काहीतरी चघळायला द्या. गिळताना कानातला दाब मोकळा होतो. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. वळून बघणाऱ्यांना बघू द्या.

पत्र चौथं

*मी पंधरा वर्षांची आहे. आईबाबा दर सुट्टीत कुठेतरी नेतात. सकाळी सहाला उठवतात, आठ देवळं दाखवतात, प्रत्येक ठिकाणी फोटो, आणि मी हसले नाही तर 'एवढा खर्च करतो' म्हणतात. मला यायचंच नाही. — सही नाही*

सही नसली तरी अक्षर सुंदर आहे.

'यायचंच नाही' म्हणालीस तर हरशील, कारण पंधरा वर्षांच्या मुलीला घरी एकटं ठेवणार कोण? त्यापेक्षा सौदा कर. निघायच्या पंधरा दिवस आधी, गाडीत बसल्यावर नव्हे. मागणी एकच ठेव: पूर्ण सहलीतला एक अख्खा दिवस माझा. कुठे जायचं, काय खायचं, कधी उठायचं हे मी ठरवणार, आणि त्या दिवसाचे पैसे माझ्या हातात. मग कागद घेऊन बस. बसचं भाडं, तिकीट, जेवण, किती वाजता काय बंद होतं, सगळं लिही. आखणी पक्की असेल तर बाबा सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यांचं एका दिवसाचं काम वाचतं. बदल्यात फोटो दिवसाला तीन, हे तुझ्याकडून. तीनच, पण त्यात नीट हस.

तुझा दिवस फसेलही. मुलांनीच आखलेल्या आमच्या एका सहलीत एक संग्रहालय नेमकं सोमवारी गाठलं होतं, आणि दारावर कुलूप. तेव्हा सुट्टीचा वार आधी बघ. आणि फसला तर दुपारी आईला 'आता तू सांग' म्हणायला लाजू नकोस, तिच्या मनात एखादं देऊळ असेलच. एवढं एक नववं बघून घे.