कुपवाड एमआयडीसीतली कंपनी सुपरवायझरला म्हणते, पगार बंद, आता ‘कन्सल्टंट’ म्हणून बिल द्या. पुढे टॅक्सची अडचण येईल का?

फक्त कागद बदलला आणि काम तसंच राहिलं, तर हो, येऊ शकते. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाच्या नव्या व्याख्येने पीएफ-ग्रॅच्युइटीचा बोजा वाढेल म्हणून काही मालकांना हा मार्ग सोपा वाटतो. पण बिलावर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला म्हणजे तुम्ही व्यावसायिक ठरलात असं नाही. काम कसं, कधी, कुठे करायचं हे कोण ठरवतं, ते कर खातं आणि न्यायालयं पाहतात. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका रुग्णालयातल्या सल्लागार डॉक्टरांना नोकरदार मानलं नाही, तेही नाव बघून नव्हे, करारातल्या अटी तपासून.

तेव्हा करारात हे असू द्या:
- कामानुसार मोबदला, ठराविक मासिक रक्कम नको
- हजेरी, रजा, बोनस यांचा उल्लेख नको (आणि प्रत्यक्षातही नको!)
- दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम घ्यायची मुभा

वर्षभरात जमा झालेल्या बिलांच्या निम्मी रक्कम नफा धरून कर भरायची सवलत मात्र इंजिनिअर, डॉक्टर, सीए अशा ठरावीक व्यवसायांनाच आहे. सुपरवायझरचं काम त्यात आपोआप बसत नाही. नव्या करप्रणालीत पगारदाराला मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावटही जाईल, ती बिलाचा दर ठरवताना धरा.